बॅगपाइपवाल्याची जागा

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाच्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास, भाड्याने घेतलेल्या एका शाळेच्या हॉलच्या दारात. महिनाभर ज्या लेझीमसाठी त्यांनी बॅगपाइप वाजवला ती लेझीम आत सीडीवर होईल, आणि त्यांनी बाहेर पार्किंगच्या बाजूला उभं राहून येणाऱ्यांचं स्वागत करावं, असं त्यांना सांगण्यात आलं. सांगणारे इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी होते. मी नावं लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तो माणूसच तसा. मला एका माणसाबद्दल बोलायचं नाही.

वडील लष्करात, फलटणीच्या पाइप बँडात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा एक जुना पाइप विकत घेतला. आई गेल्यानंतर मी त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, शॉमबर्गला माझ्याकडे बोलावलं, तेव्हा कपड्यांची एक बॅग आणि पाइपची पेटी एवढंच घेऊन ते आले. विमानतळावर ती पेटी उघडून बघणाऱ्यांनी त्या नळ्यांकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. ते दिवसच तसे होते. वडील शांत उभे राहिले, मी बडबडले.

अपार्टमेंटच्या भिंती पुठ्ठ्याच्या. आत वाजवणं शक्यच नव्हतं. म्हणून ते संध्याकाळी मागच्या तळ्याकाठी जाऊन वाजवायचे. बदकं आधी पळायची, मग सवयीने परत यायची. तिथेच एका काकूंनी त्यांना ऐकलं. काकू मंडळाची लेझीम बसवायच्या. त्या चालता चालता थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, ही लेझीमची चाल आहे ना? ह्याच्यावर?"

"आहे," वडील म्हणाले. "पण निम्मीच. उरलेली पायांनी भरायची."

ते खरं होतं, आणि ते नीट सांगायला हवं. बॅगपाइपला श्वास घ्यायला जागा नसते. पिशवी काखेत दाबलेली, खांद्यावरच्या तीन नळ्या एकच सूर धरून बसलेल्या, आणि बोटांखालची नळी एकदा सुरू झाली की थांबत नाही. जोरात-हळू करता येत नाही. तोच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसरं बोट झटकून तो तोडावा लागतो. ठेका असतो तो त्या झटक्यात. "ह्याला जीभ नाही," वडील म्हणायचे, "बोटानेच तोडायचं." शिवाय त्या नळीत मोजके नऊ सूर. आमच्या गावच्या लेझीमच्या चालीत एक खालचा सूर आहे, तो पाइपमध्ये नाहीच. दुसऱ्या कुणी तिथे कुठला तरी जवळचा सूर घुसडला असता. वडिलांनी ती जागा मोकळी सोडली. वरचा सूर धरायचा, बोट झटकायचं, आणि त्याच क्षणी सगळ्यांनी डावा पाय आपटून लेझीम खळ्ळकन मिटायची. सूर नाही तिथे पाय. नाचणारे नसतील तर ती चाल लंगडी वाटते.

काकूंनी विचारलं, वाजवाल का? वडिलांनी एकच अट घातली. "मी रिंगणात उभा राहीन. बाहेरून वाजवणार नाही."

"अहो, बाहेर कशाला? मधोमध उभे राहा की!" काकू हसल्या. ही अट कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कधी विचारावंच लागलं नव्हतं.

माझे आजोबा सनई वाजवायचे. आवडीने नव्हे, गावाने आमच्या लोकांच्या वाट्याला लावलेलं ते काम होतं. लग्न दुसऱ्यांचं, मांडव दुसऱ्यांचा, आजोबा मांडवाबाहेर. जेवण शेवटी, आणि तेही बाहेरच. तालमीतली पोरं लेझीम खेळायची तेव्हाही आजोबा रिंगणाच्या बाहेर उभे. धम्मदीक्षा घेतली त्यानंतर त्यांनी सनई आडात टाकली आणि पुन्हा कुणाच्या दारात वाजवलं नाही. त्याबद्दल गावाने काय केलं ते वेगळं लिहावं लागेल. चाल मात्र त्यांच्या तोंडात राहिली. वडिलांनी ती ऐकून ऐकून उचलली, आणि पुढे फलटणीत हातात पाइप आल्यावर बसवली. फलटणीत पाइपवाला सगळ्यांच्या पुढे चालतो. वडील भरती का झाले, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

काकूंच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी तालीम सुरू झाली. दहा-बारा बायका आणि त्यांच्या मुली. वडील मध्ये. पहिल्या दिवशी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

"काका, छप्पर उडेल हो!"

"लेझीम जोरात वाजवा, मग मी ऐकू येणार नाही."

त्यांनी बायकांकडून कवायतीसारखे पाय आपटून घेतले. "डावा! डावा! हा कुठला पाय, ताई?"

"काका, गुडघे आयटीतले आहेत, फलटणीतले नाहीत."

मुली इंग्रजीत कुजबुजायच्या, "आजोबा, टू फास्ट!" आणि वडील ओठातली नळी न सोडता भुवया उडवून आणखी जोरात जायचे. पाय आणि पाइप पहिल्यांदा एका जागी पडले तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मी पायरीवर बसले होते. आई गेल्यापासून वडिलांचा चेहरा असा मोकळा मी पाहिला नव्हता.

सेक्रेटरी एका तालमीला आले. कौतुक केलं, फोटो काढला. मग नेहमीची चौकशी. मूळचे कुठले? गावात घर कुठल्या बाजूला? आणि फलटण कुठली? वडिलांनी फलटणीचं नाव सांगितलं, त्या नावातच जात आहे. सेक्रेटरी "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पुढचे प्रश्न संपले. मी पत्रकं लिहीत, वाटत वाढलेली मुलगी आहे. ते "अच्छा" मला ओळखू येतं.

आणि मग तो शनिवार. आम्ही पेटी घेऊन हॉलच्या दाराशी पोचलो तर सेक्रेटरी हातात वॉकीटॉकी घेऊन उभे.

"काका, थोडा चेंज आहे. लेझीम आपण सीडीवर करतोय. आत साउंडचा प्रॉब्लेम होईल. आणि कसं आहे, आपले अमेरिकन गेस्ट आहेत. ह्या लोकांकडे बॅगपाइप फ्युनरलला वाजवतात. फायरमन वगैरे गेले तेव्हा टीव्हीवर बघितलंत ना? तुम्ही इथे दारात वाजवा. वेलकमला एकदम क्लास वाटेल."

मी म्हटलं, "आत वाजवला तर फ्युनरल, मग दारात वाजवला की वेलकम कसा होतो?"

"ताई, तुम्ही उगाच वेगळ्या ट्रॅकवर नेताय. इथे जात-बित काही नाही. ही अमेरिका आहे."

"जातीचं नाव मी काढलं नाही. तुम्ही काढलंत."

ते थोडे चिडले, आणि चिडल्यावर खरं बोलले. "अहो, परंपराच आहे आपली. वाजंत्री दारातच असतात."

वडिलांनी पाइप जोडायला घेतला होता. एक नळी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती फडक्यात गुंडाळून परत पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि पेटी गाडीत ठेवून आले. मी ओरडायच्या बेतात होते. ते म्हणाले, "तू तिकिटं काढलीस ना? मग आत बसू. पोरींनी मेहनत केलीय."

आम्ही आत बसलो. सीडी लागली, स्पीकर दणाणले, लेझीम सुरू झाली. सीडीवरच्या चालीत कुठेही मोकळी जागा नव्हती. तरी बायकांचा डावा पाय पडला, वडिलांनी शिकवला होता तिथेच. गाण्याला तो आडवा गेला, लेझमी विस्कटल्या, दोन मुली थांबून हसल्या, लोकांनी सांभाळून घेत टाळ्या वाजवल्या. वडील टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि एक बोट झटकत होतं.

बाहेर पडताना काकू धावत आल्या. डोळे भरलेले. "काका, मला सकाळीच कळलं होतं. मी बोलायला पाहिजे होतं."

"हो," वडील म्हणाले. "पाहिजे होतं."

एवढंच. त्यांनी काकूंची समजूत काढली नाही, आणि मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला. आमची माणसं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपराधीपणाला पाणी पाजत आली आहेत.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. रविवारी बेसमेंटमध्ये या, कार्यक्रम वगैरे काही नाही, आम्हीच. वडील दोन दिवस विचार करत होते, मग गेले. सहा जणी आल्या होत्या, बाकीच्यांना काहीतरी कामं निघाली. वडिलांनी मध्ये उभं राहून चाल वाजवली, पाय पडले, आणि शेवटी चहा झाला. काकू सेक्रेटरींकडेही गेल्या म्हणे, आणि "बघू, पुढच्या वर्षी" एवढं ऐकून आल्या. पुढच्या वर्षी वडील इथे नव्हते. व्हिसाची मुदत संपताच ते परतले होते, आणि पुन्हा या म्हटलं की म्हणतात, "तुम्ही या इकडे."

मंडळाने कधी माफी मागितली नाही, कारण मंडळाच्या मते काही झालंच नव्हतं. मारहाण नाही, शिवी नाही. एक चांगला माणूस, चांगलं वाद्य, आणि दारातली जागा. तुमच्यापैकी पुष्कळांना ही गोष्ट वाचूनसुद्धा वाटेल, एवढं काय त्यात. म्हणून तुमच्याकडेच मागते आहे. तुमच्या गावात, तुमच्या मंडळात पुढचा कार्यक्रम ठरेल तेव्हा वाजवणारा कुठे उभा राहणार, हा प्रश्न बैठकीत उभं राहून विचारा. उत्तर "दारात" असं आलं, तर त्याला आत बोलवा. बोलावू देत नसतील, तर त्या दिवशी तुम्हीही आत जाऊ नका. आणि हे कार्यक्रम झाल्यावर डोळे पुसत नको. सकाळी कळलं, तर सकाळीच बोला.