दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

"सकाळी तं चालू होता जी," वैशाली म्हणाली. "दुपारी जेवून खाली आली, अन् स्क्रीन काळी."

मी बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. माझ्या धंद्यात हे नेहमीचंच. इंजिनिअर आला की मशीन शहाण्यासारखं वागतं आणि गिऱ्हाईक खोटं पडतं.

मी नागपुरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात सर्व्हिस इंजिनिअर आहे. विकायला सेल्समन जातो, बोलणी खायला मी जातो. हे गिऱ्हाईक इतवारी बाजारातलं, खाली भांड्यांचं ठोक दुकान, वर घर. मालक दामोदरराव. वैशाली त्यांची सून, बीकॉम झालेली. डेस्कटॉप तिच्या हट्टाने आला होता. गंज, गुंड, परात, सगळ्या मालाची नावं तिने स्वतः बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली होती.

इन्स्टॉलेशनच्या दिवशी दामोदररावांनी आजूबाजूच्या व्यापाऱ्यांसमोर अट घातली होती. "लग्नसराई होईपर्यंत पाहू. चाललं तं ठीक. नाही तं मशीन वापस, अन् सूनबाई घरी." व्यापारी हसले होते. वैशाली हसली नव्हती. त्या घरची बाई तोवर कधी दुकानाच्या गादीवर बसली नव्हती.

आणि आता ऐन लग्नसराईत मशीन रोज दुपारी बंद पडत होतं. गिऱ्हाईक ताटकळायचं, बिलं परत हाताने लिहावी लागायची.

मी कॅबिनेट उघडलं. कॅबिनेट म्हणजे तो उभा डबा, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात. आत थोडी पांढरी पूड दिसली. दुकानाच्या भिंतीला चुना होता, तोच उडाला असेल असं मी धरून चाललो. ब्रशने झटकली. रॅम काढून पुसून बसवली. रॅम म्हणजे मशीनची कामापुरती स्मरणशक्ती, बोटभर लांब पट्टी असते. ती नीट बसली नाही तर मशीन सुरूच होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. मी पॉवर सप्लाय बदलला. पुन्हा फोन. मग मशीन उचलून दुकानात आणलं आणि दोन दिवस चालवलं. एकदाही बंद पडलं नाही.

"अबे, तिथंच काहून बंद पडते मंग?" आमचे बॉस म्हणाले.

"माहीत नाही."

"माहीत नाही हे गिऱ्हाईकाले सांगू नको. व्होल्टेजचा दोष सांग."

मशीन परत लावायला गेलो, तेव्हा वैशाली मला दाराशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, मले वाटते मामाजीच काही करून राहिले. मी वर जेवायले गेली, का हे बंद पडते. खाली तेच असतात."

मलाही ते पटलं. सासऱ्याला सून गादीवर नको, म्हणून रोज प्लग काढत असेल. म्हातारा बेरकी दिसतही होता. मी तिला म्हणालो, उद्या न सांगता येतो.

दुसऱ्या दिवशी मी भर दुपारी गेलो. मे महिना. रस्त्यावर हातगाड्याही सावली धरून उभ्या होत्या. दुकानात दामोदरराव एकटेच होते. अंगात बनियन, तीही घामाने चिंब. एरवी गादीसमोर असणारा कूलर त्यांनी पूर्ण फिरवून कॉम्प्युटरसमोर ठेवला होता. पंखा फुल, खसच्या ताट्या ओल्या गच्च. हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब थेट कॅबिनेटच्या जाळीतून आत जात होते.

माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

ते दचकले. मग म्हणाले, "मशीन लावलं तवा तुमीच तं सांगतलं होतं, याले गरम होऊ देऊ नका. सकाळी मी कूलरसमोर बसतो. सूनबाई मले हलू देत नाही, बीपी आहे म्हणून. ते जेवायले गेली का मंग याले हवा देतो."

"तुम्हाला तर हे मशीन नको होतं ना?"

दामोदररावांनी खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं. "चार लोकांत बोलून बसलो जी. आता शब्द कसा फिरवू? हे बंद पडलं तं पोरगी घरी बसन. लय मन लावून करते ते. म्हणून मी याले जपून राहिलो."

मला स्वतःची लाज वाटली. या माणसाला मी मनातल्या मनात चोर ठरवून मोकळा झालो होतो.

पांढरी पूड चुन्याची नव्हती. कूलरमधल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचे थेंब आत सुकून ते मीठ उरत होतं. दुपारी ओल आली की मशीन बंद. ओल वाळली की पुन्हा चालू. मी मशीन उघडून साफ केलं, वाळवलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. कूलर गादीकडे फिरवला.

तेवढ्यात वैशाली खाली आली. "सापडलं?"

दामोदरराव माझ्याकडे पाहून मान हलवत होते, सांगू नका म्हणून. बॉसचं व्होल्टेज माझ्या ओठांवर आलंच होतं. पण ते सांगितलं असतं, तर तिच्या मनात सासरा चोरच राहिला असता.

"सापडलं. तुम्ही जेवायला गेल्या की मामाजी स्वतः उकाड्यात बसतात आणि कूलर मशीनला देतात. त्याचं पाणी आत जात होतं."

ती सासऱ्याच्या चिंब बनियनकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मामाजी, उद्यापासून माहा डब्बा खालीच आणीन. सोबत जेवू."

"आण," ते म्हणाले.

त्यानंतर मशीन बंद पडलं नाही. लग्नसराई संपली, वैशाली गादीवर आहे. अटीचा विषय व्यापाऱ्यांनी एकदा काढला होता, तेव्हा दामोदररावांना नेमकं ऐकू आलं नाही.

दुश्मनीतून बिघडवलेलं मशीन मी अजून पाहिलेलं नाही. धुळीने बिघडलेली पाहिली, उंदरांनी बिघडवलेली पाहिली आणि जपणाऱ्या माणसांनी बिघडवलेली पाहिली. उंदरांचा बंदोबस्त करता येतो.