पिवळ्या दिव्याखालची लाल साडी

आमच्या गल्लीत आता सगळे पांढरे दिवे आले, पण मिलच्या कोपऱ्यावर एक जुना पिवळा दिवा अजून जळतो. त्याच्याखालून गेलं की मला माझ्या पोरीच्या, संगीताच्या, कॉलेजातली ती अंधारी खोली आठवते.

नवरा गेल्यावर मी रंगीत साडी सोडली होती. दिवसभर लोकांच्या लाल साड्यांना खडे चिकटवायचे, तेवढाच रंग हाताला. पोरीच्या प्रयोगशाळेत आईबापांना बोलावलं, तर राखाडी साडीतच गेले. तिनं तिथला सोडियमचा दिवा लावला. आधी गुलाबी झाला, मग हळूहळू पिवळाधम्मक. तिनं माझ्या पिशवीतून खडे लावायची एक साडी काढून माझ्या खांद्यावर टाकली.

"माय, कोणता रंग दिसतो?"

"काळाच की गं. लाल होती ना ही?"

"या उजेडात लाल दिसतच नाही. घे पांघरून. आता कोण बोलणार तुला?"

"येडी आहेस," म्हटलं मी, पण काढली नाही.

संगीता आता परदेशात असते. तिनं पाठवलेली लाल साडी माझ्या पेटीत आहे. एखाद्या संध्याकाळी ती नेसते, वरून शाल गुंडाळते अन् त्या कोपऱ्यावर जाऊन शाल काढते. लाल तिथं मातकट दिसतो, कोणी बोलत नाही. कोणता रंग दिसतो, असं विचारणारंही कोणी नसतं.