तेराव्याच्या आत टोपी उतरायची नाही

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली आणि त्यावर बोट ठेवलं. "आजी, हा पांढरा भाग दिसतो का? हे रक्त आहे. एपिड्युरल हिमॅटोमा. यांना पुण्याला न्यावं लागेल, आत्ताच."

आंब्याच्या कोयीसारखा डाग होता. तो माझ्या मुलाच्या, संदीपच्या डोक्यात होता.

एपिड्युरल हिमॅटोमा म्हणजे काय ते मला पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. कवटीच्या आतून एक जाड पडदा असतो, त्याच्या आत मेंदू. डोकं जोरात आपटलं की कवटीला चीर जाते, तिथली शीर तुटते आणि रक्त कवटी व पडदा यांच्या मधे साचायला लागतं. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. मग ते रक्त मेंदूलाच दाबतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. संदीपच्याही बाहेर काही दिसत नव्हतं. कानामागं टेंगूळ होतं, एवढंच.

डॉक्टरांनी विचारलं, "हेल्मेट होतं का?"

माझी सून मनीषा म्हणाली, "रोज घालत्यात ओ डॉक्टर. आजच कसं घातलं न्हाई, द्येव जाणे."

मी तिथंच उभी होते. मी काही बोलले नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. दवाखान्यातले शब्द मी सिस्टरला विचारून वहीत लिहून घेत होते, म्हणून ते आज इथं लिहिता येतात. ज्यांच्या घरात मोटारसायकल आहे त्यांनी वाचावं. म्हणजे सगळ्यांनीच.

आमचं गाव येडगाव धरणाच्या अंगाला आहे. माझे धाकटे दीर वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून पाणी संदीपनं दिलं. दहाव्याला नदीवर त्याचं डोकं भादरलं. दुखवट्याची पांढरी टोपी त्याच्या मामानं, म्हणजे माझ्या भावानं, त्याच्या डोक्यावर ठेवली. आमच्या भावकीत ही टोपी तेरावा होईपर्यंत उतरवत नाहीत. बाहेर जाताना तर नाहीच. डोकं उघडं दिसलं तर मामाचा मान गेला असं धरतात.

बाराव्या दिवशी सकाळी संदीप वारूळवाडीला निघाला. तेराव्याच्या जेवणाचा आचारी तिथला, त्याला माणसांचा अंदाज सांगायचा होता. संदीप चाकणला कंपनीत कामाला. तिथं हेल्मेट नसेल तर गेटातून आत घेत नाहीत. नऊ वर्षं झाली, घरापासून दुकानापर्यंत जायचं तरी हा हेल्मेट घालायचा. त्या दिवशीही त्यानं खुंटीवरचं हेल्मेट काढलं आणि टोपी घडी करून खिशात घालायला लागला.

मी म्हणाले, "मामानं घातलेली टोपी काढून ती बादली घालतुस व्हय डोक्यावर?"

तो म्हणाला, "आई, खिशात ठिवतो. तिथं गेल्यावर घालतो की."

"खिशात ठिवायला त्यो काय रुमाल हाय? वाटंला निम्मी भावकी भेटंल. लोक काय म्हंतील?"

तो हसला. "बरं बाई, तुझी टोपी." हेल्मेट त्यानं परत खुंटीला लावलं आणि टोपी घालून गेला.

मनीषा गोठ्यात होती. तिनं यातलं काही ऐकलं नाही.

टोमॅटोचे दिवस होते. पिकअप गाड्या क्रेट भरून बाजाराला पळत होत्या. वारूळवाडीच्या अलीकडं गतिरोधक आहे. तिथं गाडी उडाली की वरचे क्रेट सांडतात, टोमॅटो चाकांखाली चेंगरतात आणि रस्त्यावर शेंबडासारखा थर होतो. आमच्याकडच्या प्रत्येकाला हे माहीत आहे. संदीपलाही माहीत होतं, म्हणून तो सावकाशच होता. पुढचं चाक सरकलं, तो आडवा झाला आणि डोकं कडेच्या सिमेंटच्या कठड्याला लागलं. तीसचा वेग होता, असं मागून येणारा माणूस म्हणाला. हातापायाला खरचटलंसुद्धा नाही.

आता नीट वाचा. तो उठला. गाडी उभी केली. पडलेली टोपी झटकून घातली. आचाऱ्याकडं गेला, चहा प्यायला, माणसं सांगितली आणि गाडी चालवत घरी आला. मला म्हणाला, "जरा घसरलो." मी टेंगळावर हळद लावली. "डोकं दुखतंय, पडतो," म्हणाला, तेव्हा मी म्हणाले, "पड. काल-परवाची दगदग झाली." त्याला उलटी झाली तेव्हा मला वाटलं, उपाशीपोटी चहा घेतला म्हणून. मनीषा हाक मारायला गेली तर तो डोळे उघडेना आणि घशातून घरघर येत होती.

या मधल्या वेळाला डॉक्टर ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. म्हणजे माणूस चालतो, बोलतो, हसतो आणि आत रक्त साचत असतं. घरच्यांना वाटतं, वाचला. डोक्याला मार लागून कुणाला उलटी झाली, झोप यायला लागली, तर हळद लावू नका. झोपवू नका. गाडीत घाला.

पुण्याच्या दवाखान्यात त्याला आत घेताना सिस्टरनं चादर काढली आणि विचारलं, "डोकं आधीच कुणी भादरलं?"

"चुलत्याचं दहावं झालं परवा," मी म्हणाले.

ती घाईत होती. "बरं झालं, वेळ वाचला," असं म्हणून त्याला घेऊन गेली.

तिचं काही चुकलं नाही. पण बाहेरच्या बाकावर बसून मी तेच एक वाक्य धरून बसले होते. नदीवर न्हाव्यानं केलेलं डोकं आता कापायला तयार होतं.

ऑपरेशनला क्रेनिऑटॉमी म्हणतात. कवटीचा तुकडा झाकणासारखा काढायचा, रक्त काढायचं, शीर बंद करायची आणि तुकडा परत बसवायचा. अडीच तास लागले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. ते म्हणाले, "रक्त काढलंय. पण डाव्या बाजूला मेंदूलाही मार आहे, त्याला कंट्यूजन म्हणतात. जिवाचं उद्या-परवा कळेल. बोलण्याचं नंतर कळेल."

सिस्टरनं एका पिशवीत त्याचे कपडे दिले. शर्ट, पँट, करदोटा, टोपी. टोपीला रक्ताचा डाग नव्हता. थोडा टोमॅटो होता.

पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. व्हेंटिलेटर म्हणजे श्वास देणारं मशीन. रोज सकाळी डॉक्टर जीसीएस सांगायचे. माणूस किती शुद्धीत आहे ते मोजायचे आकडे असतात, तीनपासून पंधरापर्यंत. पुण्याला पोचला तेव्हा तो सातवर होता. आम्ही बाहेर आकड्याची वाट बघत बसायचो. तिकडं गावात दिराचा तेरावा कुणी तरी उरकला.

भेटायला येणारे यायचे. माझा चुलत दीर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढा कंपनीतला माणूस. ह्येल्मेट काय पुजंला ठिवलं व्हतं का?" कुणी म्हणायचं, आजकालच्या पोरांना मस्ती. संदीप एक्केचाळीस वर्षांचा आहे. मनीषा मान खाली घालून ऐकायची आणि शेवटी तीही म्हणायला लागली, "ह्यांनी माझा न्हाई तर लेकीचा तरी इचार करायचा."

मी गप्प. मला भीती वाटत होती. तो गेला असता तर त्या घरात मी कोण म्हणून राहिले असते? हीच भीती होती. चांगली नव्हती, पण होती.

सहाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. आकडा वाढत गेला. मशीन काढलं. मला बघून त्याचे ओठ हलले, शब्द आला नाही. याला अफेझिया म्हणतात. समोरची वस्तू ओळखू येते, तिचं नाव सापडत नाही. पाण्याला तो "ते... ते..." म्हणायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

दुसरी गोष्ट ॲम्नेशिया, म्हणजे विसर. चुलत्याचं दहावं त्याला आठवत होतं. त्यापुढचं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "तो दिवस बहुतेक परत येणार नाही. मेंदूनं तो साठवलाच नाही."

म्हणजे त्या सकाळी काय झालं ते आता मला एकटीलाच ठाऊक होतं. मी मेले की ते संपलं असतं. खरं सांगते, एक दिवस मला त्यात बरं वाटलं.

विसाव्या दिवशी त्याला घरी आणलं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. संदीपला मीठ हवं होतं. तो बोटानं दाखवत होता आणि शब्द शोधत होता, कपाळाला घाम आला होता. मनीषाचा धीर सुटला. वीस दिवस झोपली नव्हती ती. म्हणाली, "ह्येल्मेट घातलं असतं तर ही येळ आली असती का? सांगा की! नऊ वर्सं घातलं आन त्या दिशीच काय धाड भरली व्हती?"

संदीपनं मान खाली घातली. तुकड्या-तुकड्यानं म्हणाला, "माझं... चुकलं."

न केलेल्या गोष्टीची तो माफी मागत होता. मी भाकरी तव्यात टाकली आणि म्हणाले, "मनीषा, त्यानं घेतलं व्हतं हातात. मी ठिवाय लावलं. टोपीपायी."

भाकरी करपली. कुणी उलटली नाही.

मनीषा म्हणाली, "आत्या, डॉक्टरनी इचारलं तवा तुमी तितंच व्हता."

"व्हते."

"लोक ह्यास्नी बोलत व्हते. मी बोलत व्हते. तुमी ऐकत बसला?"

"बसले."

ती उठून गोठ्यात गेली. संदीप माझ्याकडं बघत राहिला. त्याला एवढं सगळं समजलं की नाही, मला कळेना. मग तो म्हणाला, "मी... ऐकलं? तुझं?"

"ऐकलंस."

तो शब्द शोधत राहिला. "मग माझं पण... चुकलं."

तो एवढंच म्हणाला. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मनीषा माझ्याशी दोन महिने कामापुरतं बोलली. तिचं बरोबर होतं. जेवायला वेळेवर वाढलं, माझी औषधं आणली, पण आत्या म्हणून हाक मारली नाही. पुढं हळूहळू तिचं मन निवळलं. त्या पुण्याच्या डॉक्टरांचे, सिस्टरचे आणि मनीषाचे उपकार मी मानते. माझा मुलगा यांनी वाचवला. मी नाही.

चुलत दिराकडं मी मुद्दाम गेले आणि हेल्मेट कुणी ठेवायला लावलं ते त्यांच्या अंगणात सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, रीतच हाय ती." मी म्हणाले, "भाऊजी, रीत आपणच केली. मोडायला दुसरं कोण येणार?" त्यांना पटलं की नाही, माहीत नाही.

तुम्हाला सांगायचं ते सांगते. मान जिवंत माणसाचा असतो. फेटा असो, टोपी असो, लग्नाला जाताना घातलेला गजरा असो, ते पिशवीत घ्या आणि पोचल्यावर घाला. जवळ जायचंय म्हणून सोडू नका, संदीप जवळच निघाला होता. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका. आणि बायांनो, आपण मागं एका अंगाला बसतो, पदर धरतो आणि नवऱ्यानं घातलं की झालं म्हणतो. आपलं डोकं काय दगडाचं आहे?

संदीप कंपनीत परत गेला नाही. उन्हात फार वेळ उभं राहवत नाही, वास कळत नाही. दूध नासलं तर त्याला सांगावं लागतं. महिन्यातून एकदा त्याला दाखवायला नेते ती मीच. आम्ही एसटीनं जातो. तो खिडकीशी बसतो. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, वाटेत दिसेल त्याचं नाव विचारत जा, पण आपण सांगायचं नाही, त्याला शोधू द्यायचं. म्हणून मी विचारते, हे काय, ते काय. द्राक्षाची बाग त्याला लगेच येते. पूल येतो. परवा बाहेर लाल क्रेटनं भरलेली गाडी चालली होती. मी विचारलं, "त्यात काय हाय रं?"

तो बघत राहिला. गाडी पुढं निघून गेली. कंडक्टरची तिकिटं फाडून झाली. शब्द माझ्या तोंडात होता. मी तोंड बंद ठेवलं आणि वाट बघत बसले.