दादाचा ब्रेक आणि कोरा चहा

आमच्या घराण्यात मेंदूवर संशोधन करणारी एकटी माझी भाची. बाकीचे आम्ही तो फारसा न वापरता सुखी आहोत. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत कंपवातावर काम करते, आणि नेमका तोच आजार तिच्या थोरल्या मामाला, म्हणजे बेलापूरच्या माझ्या दादाला झालाय. दादा पाहुण्यांना ऐटीत सांगतो, "पोरीला अभ्यासाला घरचा माल नको का? म्हनून धरला आजार."

हात थरथरतो याचं त्याला काही नव्हतं. पण पाय दारात अडायला लागले. अंगणात गडी झकास चालायचा. उंबरा आला की जमिनीला चिकटायचा. आणि तशात भाचीचं लग्न ठरलं. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि तो मान दादाने ती पाळण्यात असल्यापासून राखून ठेवलेला. मी धाकटा मामा. मला दम भरला होता, "तू टपून बसू नको. पोरीला मीच आननार."

एका संध्याकाळी भाचीने व्हिडिओ कॉलवर त्याला आजार समजावला. "मामा, डोपामाइन म्हणजे एक्सिलरेटर आणि ॲडेनोसिन म्हणजे ब्रेक. मेंदूतल्या काही पेशींवर दोघांच्या बसायच्या जागा शेजारीशेजारी असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तुमच्याकडं डोपामाइन कमी पडलंय, म्हणून ब्रेकचं राज्य. चहाकॉफीतलं कॅफिन ब्रेकच्या जागेवर जाऊन बसतं, मग ॲडेनोसिन उभंच."

"म्हंजी यष्टीत रुमाल टाकावा तसं?"

"अगदी तसं! पण हा काही उपचार नाही हं, अजून अभ्यास चाललाय..."

हा 'पण' कुणी ऐकलाच नाही. वहिनी चहा टाकायला उठली होती.

आमच्याकडे घराची अब्रू चहातल्या दुधावरून ठरते. गोठ्यात गाई असताना चहात पाणी दिसलं तर सोयरीक मोडेल. वहिनीच्या चहात चमचा उभा राहतो. शेजारीपाजारी खबर गेली, आणि दादा जिथे टेकेल तिथे कुणीतरी कप पुढे करून म्हणे, "घ्या, ब्रेक काढा!" वहिनीने तर डॉक्टरांची गोळीही चहाबरोबरच द्यायला सुरुवात केली. दोन्ही औषधं एका घोटात!

दादा सुटायच्या ऐवजी आणखी ताठरला. दुपारपर्यंत ओट्यावर असा बसायचा, की फक्त हार घालायचा बाकी. एकदा गोठ्यातल्या गाईकडे बघत मला म्हणाला, "लग्नात तूच आन तिला." मी हादरलो. या माणसाने आजवर मला आपण होऊन उसाचं कांडंसुद्धा दिलेलं नाही.

लग्नाच्या आधी भाची बेलापूरला आली. दादाने तिच्यासमोर गोळी तोंडात टाकली आणि वर चहाची बशी फुर्रकन ओढली. तिने कपाळाला हात लावला.

"मामी, गोळी दुधाच्या चहाबरोबर?"

"मंग? अमृतच की!"

"अहो, दुधातली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून एकाच दाराने आत जातात. तुमच्या अमृताची गर्दी झाली की गोळी बाहेरच. मामा, दारात अडायची सवय तुमच्यासारखी तुमच्या गोळीलाही लागलीय!"

तिने तिथूनच दादाच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी पाण्याबरोबर, जेवणाच्या बरीच आधी, असं ठरलं. आणि गोळीच्या आसपास तल्लफ आलीच तर चहा कोरा.

"लग्नघरात कोरा चहा?" वहिनी कळवळली. "लोक म्हनतील, गाई मेल्या का काय!"

लोक म्हणाले काय हवं ते, पण दादा हळूहळू सैल झाला. लग्नाच्या दिवशी फेटा बांधून, भाचीला घेऊन खोलीतून असा निघाला, की जणू लग्न त्याचंच आहे. माईकवर गुरुजी ओरडत होते, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!"

मुलीचे मामा हॉलच्या दारात आले आणि चिकटले.

"मुलीचे मामा, लवकर या! मुहूर्त टळतोय!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. कुणीतरी म्हणालं, "धाकट्याला धाडा." मी अर्धवट उठलो. दादाने डोळ्यांनीच मला जागेवर गाडलं. डोळ्यांना काही कंपवात नाही.

तेवढ्यात नवरीने मुंडावळ्या सावरल्या, शालू चिमटीत धरला आणि मेंदीने रंगलेलं पाऊल दादाच्या पायासमोर आडवं ठेवलं.

"मामा, हे ओलांडा."

"येडी का काय? नवरीचा पाय ओलांडू? पाप लागंल."

"लागू दे मला. पाय अडला की समोर काहीतरी ओलांडायला दिलं तर सुटतो. उचला!"

दादाने डोळे मिटून देवाची माफी मागितली, मग डोळे उघडून पाय उचलला. पाऊल पलीकडे पडलं आणि गडी सुटला! भाचीचा हात धरून असा तरातरा निघाला, की तिला शालू सांभाळत मागे धावावं लागलं. अंतरपाटाशीही थांबेना, नवरदेवाच्या अंगावरच जायचा. गुरुजींनी आडवा हात घातला.

तिला पाटावर उभी करून दादा वळला. गुरुजींच्या हातातला माईक ओढून त्याने भर मांडवात मला पुकारलं, "धाकटे मामा, बसा आता खाली!"