लाल गाडी, घासणारं चाक आणि विहीणबाईंचं मुसळ

बारामती ते इंदापूर हा रस्ता मी एसटीनं केलाय, जीपनं केलाय, एकदा उसाच्या ट्रॅक्टरवर बसूनही केलाय. पण रस्त्याला इतकं चिकटून मी कधी गेले नव्हते. त्या दिवशी शेजारून जाणाऱ्या बैलांची तोंडं माझ्या डोक्याच्या वर होती, आता बोला!

गाडी अभिजितची. अभिजित म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. मुंबईच्या कुणा शौकिनाकडून त्यानं ती जुनी घेतली होती. लाल, दोनच माणसांची, आणि छप्पर कापडाचं, घडी करून मागं टाकायचं. घेतल्या घेतल्या पुण्याला जाऊन त्यानं तिला रुंद, चांदीसारखी चमकणारी चाकं बसवून आणली. त्या चाकांवर त्याचा इतका जीव, की गल्लीतली कुत्री गाडीकडं वळली की हा जेवणावरून उठायचा.

जायचं होतं त्याच्या बहिणीच्या, आमच्या मनीच्या डोहाळजेवणाला. पोरीला चिंच नको, आवळा नको. तिनं निरोप धाडला होता, "मला दादाच्या लाल गाडीत बसायचंय, टप उघडून." तिची आई, म्हणजे माझी वहिनी, पाय मोडून प्लास्टरात पडलेली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, माझ्या नशिबी येणं नाही. पण तिला गाडीत बसवूनच या हं." मी म्हटलं, "बसवल्याशिवाय तोंड दाखवणार नाही." झालं! शब्द देऊन बसले.

आता दोन माणसांच्या गाडीत सामानाला जागा ती केवढी? पण माहेरची माणसं रिकाम्या हातानं जातात होय? मागं करंज्यांचा डबा, नारळ, फळं, हिरवी साडी; माझ्या पायाशी लाडू; मांडीवर फुलांच्या दागिन्यांची बांबूची पाटी. वरून मी, अंगानं अशी भरलेली. थंडीतलं कोवळं ऊन, दोन्हीकडं ऊस, वारा पदर धरू देईना. मी लहान पोरीसारखी ओरडत होते, "अभ्या, पळव!"

भवानीनगर मागं पडलं आणि रस्त्याला एक खळगा लागला. घस्स!

"काय रे ते?"

"काही नाही. आत्या, तू जरा उजवीकडं सरक."

"कुठं सरकू? तुझ्या मांडीवर?"

मग वालचंदनगरला वळलो. तिथं क्वार्टर्समध्ये माझी मामेबहीण राहते. आखीव रस्ते, सावली देणारी झाडं, कारखान्याचा भोंगा. बाईनं चहा-चिवडा दिला, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, आणि निघताना गुळाची ढेप न् नव्या ज्वारीचं पोतं आणून ठेवलं. अभिजितचा चेहरा पडला. ती म्हणाली, "असू दे रे! इथवर येऊन मोकळे जाल का?" आपल्याकडं पाहुण्याला मोकळं धाडायचं नाही, मग गाडी कण्हेना का.

आणि कण्हलीच! पुढं प्रत्येक खळग्याला घस्स, घस्स, आणि जळक्या रबराचा वास. निमगाव केतकीला पानमळ्यांच्या कडेला पंक्चरचं दुकान दिसलं, तिथं थांबलो. दुकानदार कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"पाव्हणं, चाकं कुनाची म्हनायची?"

"माझीच की."

"तुमची हायती वो. गाडीची न्हाईत असं वाटतंय."

बाकड्यावरची माणसं खो खो हसली. मीही हसले, काय करणार! अभिजित चिडला. तो म्हणत होता की स्प्रिंगा वझ्यानं बसल्यात, म्हणून घासतंय. म्हटलं, मग वझं कमी करू. ज्वारीचं पोतं त्या दुकानदारालाच दिलं. तर तो भला माणूस म्हणाला, "आन मी मोकळं जाऊ देऊ व्हय तुमाला?" त्यानं पानांचा भला थोरला गठ्ठा मागं चढवला. वझं होतं तेवढंच राहिलं.

इंदापूरला पोचलो तेव्हा बाजाराच्या मागच्या गल्लीत मनीच्या दारात बायकांची हीऽऽ गर्दी. मनी पोट सांभाळत धावत आली न् गाडीवरून हात फिरवायला लागली. तिच्या सासूबाई, यमुनाबाई, ताट घेऊन आल्या. गाडी पहिल्यांदा दारात आली म्हणून ओवाळलं, नाकावर स्वस्तिक काढलं. चाकांना कुंकू लावायला वाकल्या, तर त्या गुळगुळीत चाकावर बोट ठरेना. मग त्यांनी चाकावरच्या पत्र्याच्या कडेलाच ओल्या कुंकवाची बोटं ओढली. आणि तिथंच त्यांचं नाक वर झालं.

"काय जळतंय वो हितं?"

अभिजितनं खरं सांगितलं. बाईंनी ताट खाली ठेवलं.

"मग माझी सून न्हाय बसायची ह्यात. टायर फुटलं म्हंजी? पोटुशी बाई हाय ती."

"अवो आई, माझा डोहाळा हाय!" मनी म्हणाली.

"ठावं हाय मला. डोहाळा ऱ्हायला तर लेकराची लाळ गळती म्हनत्यात. गळू दे. पुसीन मी."

बाईंचं चुकत नव्हतं. मनी ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसली. मला वहिनीचा तो हात आठवत होता.

रस्ता अडत होता म्हणून अभिजितनं गाडी अंगणात घ्यायची ठरवली. सामान तसंच, मीही तशीच आत. दारापुढच्या गटाराच्या फरशीवरून चाक उतरलं आणि घस्स! मी कंटाळून खाली उतरले, मागच्या चाकाकडं बघितलं, आणि काय सांगू, ओरडलेच!

"अभ्या! धाव! कुंकवानं चहाडी केली बघ!"

काळ्या टायरच्या बाहेरच्या काठावर लालभडक पट्टा उमटला होता. म्हणजे स्प्रिंगांना उगाच शिव्या! चाक रुंद असल्यानं बाहेर आलं होतं, आणि चाकावरच्या पत्र्याची जी कड आत दुमडलेली असते, तिला ते गाडी दबली की लागत होतं. अभिजित पालथा पडून आत बोटं घालून आला आणि हसायलाच लागला. "एवढी कड वर दाबून चपटी केली की झालं! पुण्यात करतात. गोल लाकूड मध्ये घालायचं आणि गाडी हळूहळू मागंपुढं ढकलायची."

जावईबापूंनी धावत जाऊन लाटणं आणलं. घातलं, ढकललं, कडाड! लाटण्याचे दोन तुकडे.

"आता पोळ्या काय हातावर लाटू?" यमुनाबाई कडाडल्या. पण ओट्यावरून मनी फस्सकन हसली. बाईंनी सुनेकडं बघितलं, आत गेल्या आणि मुसळ घेऊन आल्या. लग्नात हळदीचा घाणा भरतात ते, सागाचं, हातांनी गुळगुळीत झालेलं.

"विहीणबाई, हे कशाला? शुभकार्याचं आहे," मी म्हटलं.

"मग हे काय सुतकाचं हाय? धरा!"

मुसळाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. रंग तडकू नये म्हणून अभिजितनं पत्र्यावर बंबातलं कढत पाणी ओतायला लावलं. मग जावईबापू पुढून, आम्ही बायका मागून. घाणा भरताना म्हणतात तसली ओवी कुणीतरी धरली, आणि त्या तालावर गाडी पुढं, गाडी मागं! मुसळ चाकाबरोबर फिरायचं आणि कड कण्हत वर चढायची. अभिजित मात्र डोळे मिटून उभा, रंग गेला की काय म्हणून. नाही गेला. दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं.

मग परीक्षा. सगळं सामान आत, वर मी, आणि जावईबापूंना मागच्या पत्र्यावर बसवलं. त्याच फरशीवरून गाडी गेली. आली. पुन्हा गेली. आवाज नाही! यमुनाबाईंनी चाकापाशी वाकून हुंगलं, टायरवर बोट फिरवलं, ते उन्हात धरून बघितलं.

"मने, ऊठ. पर सावकाश जायाचं!"

सामान उतरवलं, मीही उतरले. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, आणि उघड्या लाल गाडीत आमची मनी! तहसील कचेरीवरून, बाजारातून थेट हायवेच्या तोंडापर्यंत गेली आणि आली. म्हणे ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम करत होते. परतली तेव्हा अर्धी फुलं उडालेली, केस पिंजारलेले, आणि हसू काही आवरेना.

ती उतरली तशा यमुनाबाई पदर खोचून पुढं झाल्या. "सरका. वास येतोय का न्हाय, मला बी बघू द्या."

आणि त्या दोन फेऱ्या मारून आल्या!

परतताना गाडी पुन्हा भरली, हे काय सांगायला हवं? डाळीचं गाठोडं, उसाची मोळी, वर मी. प्रत्येक खळग्याला अभिजित न् मी श्वास धरायचो आणि काही ऐकू आलं नाही की एकमेकांकडं बघून हसायचो. मला वाटत होतं, आपल्या माणसांचं प्रेम असंच वझ्याचं असतं. ते काही कमी होत नाही, आपणच थोडी कड दुमडून जागा करायची.

बारामतीत शिरले तशी आधी वहिनीच्या खाटेपाशी गेले. ती कोपरांवर उठून बसली होती.

"वन्सं, बसली का हो माझी मनी?"

"बसली! आणि ऐक, तिच्या लेकराच्या लग्नात घाणा भरायला जाशील ना, तेव्हा मुसळ नीट बघ. त्याच्यावर एक खाच आहे. ती आपल्या गाडीची."