मामांच्या बुटातली वाळू

मामांबरोबरच्या शेवटच्या सहलीत मी कोकणातल्या किनाऱ्यावर ओलाचिंब उभा राहून ‘कपडे चोरले’ म्हणून बोंब ठोकली. पोहायला जाताना वाळूवर ठेवलेली पिशवी जागेवर नव्हती. चहावाल्याकडे मी संशयानं बघायलाही लागलो होतो. तेवढ्यात मामा... म्हणजे हिचे मामा, तासगावचे बेदाणेवाले... लांबून हात हलवताना दिसले. “आवं जावईबापू, पिशवी हाय तितंच हाय. तुमीच वाहत हिकडं आलाय.”

खरंच होतं. मी मोठ्या ऐटीत समोर पोहत होतो आणि समुद्र मला गुपचूप कडेनं नेत होता. मामांना नादच लागला. सोललेल्या नारळाचं सोडण पाण्यात टाकायचं आणि त्याच्या बरोबरीनं चालायचं. लाट तिरकी वर यायची, सरळ खाली उतरायची. सोडण दर खेपेला थोडं पुढं. “वाळूबी अशीच जात आसंल की वो.”

आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकाची सुरूची झाडं पावसाळ्यात उन्मळून पडली होती. “समुद्रानं गिळली जमीन,” तो म्हणाला. मामांना पटेना. जन्मभर बेदाणा चाळलेला माणूस. चाळणीतून गेलेलं खाली कुठंतरी पडलंच पाहिजे. “गिळली म्हंजी? ठिवली कुटं त्यानं?”

दुसऱ्या दिवशी ते मला खाडीच्या तोंडापर्यंत चालवत घेऊन गेले. मी वाटभर उन्हाला शिव्या देत होतो. तिथं पाण्यात वाळूचा लांब पट्टा आला होता. मासे सुकवणारी बाई म्हणाली, मागच्या वर्षी इथून होडी जायची. मामा बुटांसकट त्यावर जाऊन उभे राहिले. “ही बगा. हितं ठिवलीया.”

परतताना ते साताऱ्याला आमच्याकडं थांबले. ओले बूट गॅलरीत राहिले, मामा माझ्या चपला घालून तासगावला गेले. पुढच्या खेपेला नेतो म्हणाले... आणि थोड्याच दिवसांत, बेदाण्याच्या शेडवर बसल्या बसल्या, गेले.

हिला वडील आठवत नाहीत, मामांनीच वाढवलं. तासगावला ती रडली नाही. “माझं माहेर घेऊन गेले,” एवढंच म्हणाली. त्यानंतर महिनाभर त्यांचं नावही नाही.

परवा गॅलरी आवरताना मी ते बूट उलटे करून आपटले. वाळू भुरभुरत फरशीवर पडली. मी केरसुणी घेतली, तशी ही येऊन खाली बसली. हातानं वाळू गोळा करत राहिली... बराच वेळ. मग मान वर न करता म्हणाली,

“झाडू नका हो. एवढं तरी ठेवून गेलेत.”