तायडे सरांचा लघुग्रह

तायडे सर नव्या वर्गात गेले की आधी कुणाचं नाव विचारत नसत. शर्टाच्या खिशातून कोळशाचा एक ओबडधोबड खडा काढायचे आणि पहिल्या बाकावर ठेवायचे. तो हातोहात शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि सगळ्या वर्गाचे तळवे काळे व्हायचे. “हात काळे झाल्याशिवाय विज्ञान येत नाही,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मी त्याच शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे पुढच्या तासाला ते काळे ठसे माझ्या निबंधांच्या वह्यांवर उमटायचे. मी चिडले की म्हणायचे, “बाई, तुमच्या शुद्धलेखनालाही जरा कोळसा लागू द्या.”

आमची शाळा सुरतेतली, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांच्या पाठीमागची. पोरं बहुतेक खानदेशातून आलेल्या कामगारांची. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती आणि आमच्यापुढे आली की गप्प. तायडे सर भुसावळचे, वडील रेल्वेत होते. शाळेत ते हंगामी शिक्षक. त्यांना कायम करण्याचा विषय दर जूनला निघायचा आणि पुढच्या जूनवर ढकलला जायचा. बायको आणि मुलगी भुसावळला राहायच्या. “कायम झालो की खोली घेतो, मंडळींना आणतो,” हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ती खोली मी पाहिली आहे असंच मला वाटायचं.

एका पावसाळ्यात त्यांनी वर्गात तार ओढून सूर्यमाला टांगली. फळ्याजवळ पिवळा बल्ब म्हणजे सूर्य. ग्रह साड्यांच्या चिंध्यांचे. गुरू तर फुलाफुलांच्या नायलॉनचा होता, आणि तो अंतराच्या हिशेबात बसेना म्हणून बाहेर व्हरांड्यात गेला. मंगळ आत कपाटापाशी. मग दोघांच्या मधला लघुग्रहांचा पट्टा नेमका दाराच्या चौकटीत आला. तिथे त्यांनी खिशातला तो कोळसा दोऱ्याने लोंबता सोडला.

“हे असले दगड तिकडे खरंच आहेत,” ते पोरांना सांगत. “कोळशासारखे काळे. ग्रह घडले तेव्हाचा उरलेला माल. सूर्य उजेड देतो, हा परत करत नाही. कंजूष नाही रे, काळा आहे. म्हणून दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाही, असं कोण म्हणालं?”

हे ऐकायला पालक थोडेच आले होते! त्यांना दारात टांगलेला कोळसा दिसला, आणि दारात कोळसा कशाला टांगतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या शाळेत झाडलोट करणारी आशाबाई, तिचा मुलगा त्याच वर्गात होता. शनिवारी तिने कोळशाखाली लिंबू आणि मिरच्या ओवून टाकल्या आणि सरांना कौतुकाने म्हणाली, “सर, कोयसा टांगा, पन लिंबू इसरी गयात ना तुम्ही! मी बांधी दिधं. पोरेसले नजर लागाले नको.”

सर पोट धरून हसले. लिंबू काढून तिच्या हातात दिलं, म्हणाले, “याचं सरबत करा, मिरच्यांची चटणी करा. लघुग्रहाला काही लागत नाही.” पुढच्या शनिवारी पुन्हा लिंबू. पुन्हा सरांनी तोडलं, पुन्हा तिला समजावलं. ना तिला राग, ना त्यांना. हा खेळ गणपतीपर्यंत चालला.

गणपती बुडवले आणि सुरतेत प्लेग आला. ज्याला पाय होते तो पळाला. उधन्याच्या स्टेशनावर माणसं गाडीच्या खिडक्यांतून आत घुसत होती. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, साड्यांचे व्यापारी, पहिल्याच दिवशी जीप करून गावी गेले. मीही आईला घेऊन नंदुरबार गाठलं. तायडे सर राहिले. तोंडाला रुमाल बांधून खोल्याखोल्यांतून गोळ्या आणि उकळलेलं पाणी वाटत फिरले. आशाबाईच्या नवऱ्याला ताप चढला तेव्हा एकही रिक्षावाला थांबेना. सरांनी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, कमरेला धोतराने स्वतःशी बांधून दवाखान्यात नेलं. तो वाचला नाही.

शाळा पुन्हा भरली तेव्हा आशाबाई आली, दारातल्या कोळशाकडे पाहत उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, “लिंबू काब तोडं सर तुम्ही?”

तिच्यावर मी आजही रागावू शकत नाही. नवरा गेलेल्या बाईला कारण हवं असतं. माझा राग बाकीच्यांवर आहे. तिचं वाक्य त्यांनी उचललं आणि चाळीचाळीतून फिरवलं: मास्तराने नजर उतरवायचं तोडलं, म्हणून रोग शिरला. पालक पोरं दुसऱ्या तुकडीत घालून मागू लागले. सरांच्या बाजूने मी, त्यांच्यासमोरच, अध्यक्षांशी भांडले. मला दाराबाहेर काढण्याआधी ते सरांकडे वळून शांतपणे म्हणाले, “तायडे, तुमच्यात मानत नसतील. आमच्यात मानतात.” जीपमधून पळालेला माणूस हे बोलला! त्या जूनला विषय पुढे ढकलला गेला नाही. कायमचा मिटला.

सर कामरेजला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात देखरेखीला लागले. दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्रात एक फोटो आला: यानाने जवळून टिपलेला एक लघुग्रह, कोळशाहून काळा, अंगावर मोठाले खळगे. मी तो फोटो कापून कामरेजला घेऊन गेले. सरांनी चष्मा पुसून पुसून पाहिला. त्यांचा चेहरा क्षणभर वर्गातला झाला. “बघा बाई, मी खिशात घेऊन फिरत होतो.”

मग हळूच विचारलं, “आपला आहे का अजून?”

मी खोटं बोलणार होते, जमलं नाही. अध्यक्षांनी तो वर्गातून काढून शाळेच्या मुख्य दरवाजावर बांधला होता. दर शनिवारी त्याच्याखाली ताजं लिंबू आणि मिरच्या. सगळं सांगितलं.

सर फोटोची घडी घालत म्हणाले, “म्हणजे त्याला कायम केलं.”

खोली झाली नाही. मंडळी भुसावळलाच राहिली आणि पुढच्या वर्षी सरांनाच तिकडे न्यावं लागलं, छातीच्या दुखण्याने, ते परत आले नाहीत. बातमी कळली त्या दिवशी मी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, स्टुलावर चढून तो कोळसा कात्रीने कापून घेतला. माझे हात काळे झाले होते, ते मी तसेच ठेवून पुढचा तास घेतला.

शनिवारी शाळेत गेले तर दारावर दुसरा कोळसा होता.